झाकणाच्या आतला चार

दिघाशीच्या दौलतला कुणी "नाव टाकून द्या" म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. भिवंडीच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर तो नाव कोरायचं मशीन घेऊन एकतीस वर्षं बसला. लग्नाचा सेट असो, बारशाची वाटी असो, गिऱ्हाईक दुकानातून बाहेर यायचं, भांडं पुढं करायचं आणि हमखास बोलायचं, "दादा, नाव टाका." दौलत मान वर न करता सांगायचा, "टाकतात तो कचरा. नाव घालतात." गिऱ्हाईक हसायचं, दुकानदार हसायचा, हा मात्र "बरं बाबा, घाला" असं वदवून घेतल्याशिवाय बटण दाबायचा नाही. असा खट माणूस!

पण हाताला वळण होतं, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करतील. कागदावर लिहावं तसं स्टीलवर लिहायचा. नाव, तारीख, "यांजकडून सप्रेम भेट", आणि सगळ्यात शेवटी तीन ठिपके, दोन खाली आणि एक वर. ते ठिपके म्हणजे दौलतची सही. तालुक्यात कुठंही जा, कुणाच्याही ओट्यावरचं पातेलं उलटं करा, तीन ठिपके दिसणार. गावात लग्न निघालं की दहा घरची भांडी एका मांडवात यायची आणि नंतर नावं वाचून आपापल्या घरी जायची. नाव घातलेली वस्तू उशिरा का होईना घरी येते, यावर दौलतचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

त्याच्या घरात एक ताट होतं. जीवन जन्मला तेव्हा बारशाच्या दिवशी दौलतनं ते नवंकोरं आणलं आणि कडेवर "चि. जीवन" असं कोरलं. पोरगा त्या ताटात तेवीस वर्षं जेवला. दुसऱ्या ताटात वाढलं तर लहानपणी रडायचा, मोठेपणी रुसायचा. एकुलता एक, त्यात हौसाचा लाडका. दौलतचाही होताच, पण दौलतला ते तोंडानं कधी बोलता आलं नाही.

मग बाजारात कॉम्प्युटरवर नाव कोरणारी मशीनं आली. दुकानदारांनी ती आतच बसवली. पायरीवरच्या दौलतकडं म्हाताऱ्या बायका तेवढ्या यायच्या. जीवननं पुढचं ओळखलं आणि एका घड्याळवाल्याच्या शेजारी बसून काम शिकला. सेल बदलणं, पट्टे लावणं, पाठीचं झाकण उघडून मशीन साफ करणं. बापाचाच हात तो, बारीक कामात बसला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

एके दिवशी तो राहनाळच्या गोदामातून एक खोका घेऊन आला. आत वीस घड्याळं. दिसायला लाखालाखाची, परदेशी, चकचकीत, आणि असली एकही नाही. बाजारात त्याला फर्स्ट कॉपी म्हणतात.

"बाबा," जीवन बोलला, "सगळ्यांच्या पाठीवर एकच नंबर हाय. खऱ्या घड्याळाला प्रत्येकाचा वेगळा असतो. तेवढा वेगवेगळा घालून द्या. तुमच्यासारखा हात कुणाचा न्हाय."

दौलतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोट्या मालावर माझं अक्षर? लोकांना फसवायला माझा हात मागतोस?"

"भांडी कोण आणतंय आता तुमच्याकडं?" पोरगा बोलून गेला.

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. दौलत उठला, मांडणीवरून ते ताट काढलं, पेटीतली कानस घेतली आणि पोराच्या डोळ्यांदेखत कडेवरचं नाव घासायला लागला. हौसा मध्ये पडली, तिचा हात झटकला. कर्रकर्र करत "चि." गेला, "जी" गेला, "व" गेला, "न" गेला. तीन ठिपकेही ठेवले नाहीत मेल्यानं. जीवन उभा राहून बघत होता. सगळं घासून झालं तेव्हा त्यानं स्वतःची हत्यारांची पेटी उचलली आणि चपला घालून निघाला. हौसा वेशीपर्यंत मागं धावली. दौलत ताट हातात धरून घरात बसून राहिला.

पहिलं वर्ष ऐटीत गेलं. "येईल झक मारत," असं तो ज्याला त्याला सांगायचा. मग हौसाला कावीळ झाली. दोन अडीच महिने दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना, दौलतला स्वतःच्या जेवणाची शुद्ध नव्हती, फोनच्या रिचार्जची कुठून असणार! नंबर बंद पडला, आणि पुढं चौकशी केली तर कंपनीनं तो भलत्यालाच देऊन टाकला होता. जीवनचा स्वतःचा नंबर तो गेला त्या दिवसापासून बंद, आणि त्याला घरचा तोच एक नंबर ठाऊक होता. हौसा जरा उठून बसायला लागली तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "त्याचा फोन आलेला का?" दौलतनं खाली मान घालून काय झालं ते सांगितलं.

हौसा रडली नाही. ती एवढंच बोलली, "नाव तुम्ही खोडलंत, नंबर तुम्ही घालवलात. आता काय करायचं ते तुम्हीच करा."

त्या दिवसापासून तिनं नवऱ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. रोज दोन्ही वेळा जेवणाला तिघांची पानं घ्यायची. तिसरं ते घासलेलं ताट, मोकळंच. जेवणं झाली की धुऊन पुसून मांडणीवर ठेवायची. दौलतनं एकदा भीत भीत विचारलं, "नाव परत घालू का त्यावर?" तर ती फणकारली. "त्याच्यासमोर खोडलंत, त्याच्यासमोर घाला. तोवर हात लावायचा न्हाय."

गावातला दामू टेम्पो घेऊन लांबलांब जायचा. त्यानं एकदा येऊन सांगितलं की हुबळीच्या बसस्टँडबाहेर जीवन दिसला, पुढ्यात सेल आणि पट्ट्यांची पेटी, भिंगाचं डोळ्याला लावायचं ते नळकांडं, दाढी वाढलेली. दौलत त्याच रात्रीच्या गाडीनं गेला. फुटपाथ रिकामा. शेजारचा पानवाला मोडक्या हिंदीत बोलला, "वो लडका? आज यहाँ, कल दूसरे गाँव. जत्रा जत्रा घूमता है." दौलत चार दिवस फोटो घेऊन फिरला आणि परत आला. हौसानं दारातच त्याच्या पाठीमागं बघितलं आणि आत वळली.

देश केवढा, त्यात बसस्टँड किती, फुटपाथ किती! माणूस शोधायचा कसा? दौलतचं डोकं चालेना. जेवण जाईना. फोन हातात धरून ओट्यावर बसायचा, आणि तो कोणाचा वाजणार होता? नंबरच पोराला माहीत नाही तर काय डोंबल वाजणार?

आणि अशात विपुल त्याच्या दारात आला. राहनाळला त्याच्या वडिलांच्या जमिनीवर गोदामं उभी होती, त्यातल्या एका मागच्या गाळ्यात तो कॉपी घड्याळं जोडून घ्यायचा. सगळा माल चीनचा, जोडणी इथली. त्याची एक फजिती झाली होती. कशेळीला एका लग्नात दोन साडू शेजारीशेजारी जेवायला बसले, दोघांच्या मनगटावर तेच भारी घड्याळ. एक म्हणे माझं दुबईचं, दुसरा म्हणे माझं सिंगापूरचं. पैज लागली, दोघांनी घड्याळं काढून पालथी केली, तर दोन्हींवर नंबर एकच! मांडवात हसू मावेना. दोघांनी विपुलला गाठून असा धुतला की त्यानं कानाला खडा लावला: यापुढं प्रत्येक घड्याळाला वेगळा नंबर. बाहेर कुणाकडं कोरायला द्यावं तर चार लोकांच्या नजरेत येतं. म्हणून जुन्या हाताचा, न बोलणारा माणूस हवा होता.

"काका, फक्त आकडे कोरायचेत. यादी मी देईन," विपुल बोलला.

एरवी दौलतनं त्याला ओट्यावरून खाली ढकलला असता. पण त्याच्या डोक्यात लख्खकन काहीतरी पेटलं. घड्याळाच्या पाठीचं झाकण आतून कोण बघतो? गिऱ्हाईक नाही, दुकानदार नाही. सेल बदलायला बसलेला कारागीर तेवढा बघतो. आणि विपुलचा माल जातो कुठं? सगळ्या देशातल्या बसस्टँडांवर आणि फुटपाथांवर.

दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. ज्या कामापायी पोराचं नाव खोडलं, त्याच कामाला बाप जाऊन बसला. लाज वाटली का? वाटली तर! पहिले आठ दिवस मान खाली घालून गोदामात शिरायचा आणि मान खाली घालूनच बाहेर पडायचा. हौसाला कळलं तेव्हा तिनं एकदाच त्याच्याकडं रोखून बघितलं. दौलतनं मग तिला झाकणाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी न मागता तिनं डब्यात सुकट चटणी जास्तीची घातली.

काम असं चालायचं. पाठीची झाकणं सुटी यायची, ताटलीत मांडलेली. बाहेरच्या बाजूला यादीतला नंबर, इंग्रजी आकड्यांत. दौलतचं शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत. इंग्रजी आकडे तो यादीत बघून एकेक चित्र काढावं तसे काढायचा. मग झाकण पालथं करायचा. आतल्या गुळगुळीत पत्र्यावर, कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत स्वतःच्या नव्या फोनचा नंबर. दहा आकडे आणि पुढं तीन ठिपके, दोन खाली, एक वर. नाव घालायची सोय नव्हती, नाव दिसलं तर विपुलनं हाकललं असतं. पण ते तीन ठिपके जीवन लाखात ओळखणार. त्याचं अख्खं बालपण त्या ठिपक्यांवर बोट फिरवण्यात गेलेलं.

विपुलनं एकदा झाकण उलटून विचारलंच. "काका, हे आत काय?"

"लॉट नंबर, शेठ. खऱ्याला आतून असतो." दौलतनं मान वर न करता पुढचं झाकण मशीनखाली घेतलं.

"वा! हे आवडलं आपल्याला," विपुल खूश होऊन गेला. दौलतचा जीव भांड्यात पडला.

गणपतीत कामाला लागला होता. रोज पंचवीस-तीस झाकणं. शेजारच्या टेबलावर मेघाली नावाची पोर ती झाकणं प्रेसखाली धरून घड्याळांवर बसवायची. प्रत्येक झाकण तिच्याकडं सरकवताना दौलत मनातल्या मनात बोलायचा, जा बाबा, आणि घेऊन ये त्याला. दसरा गेला, दिवाळी गेली. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचा. कर्ज हवंय का विचारणारी बाई, नाहीतर लाइटबिलाची आठवण. हौसा चुलीपासून विचारायची, "कोण?" तो सांगायचा, "कोण न्हाय." संक्रांत गेली, होळी गेली. पाच हजारांच्या वर झाकणं झाली आणि एक फोन नाही.

अरे बाबा, पाच हजार झाकणं देशभर गेली, एखाद्या कारागिरानं नुसतं कुतूहल म्हणून तरी फोन लावला असता ना? एक राँग नंबरसुद्धा येत नाही, याचा विचार तरी करायचास! पण दौलतला वाटायचं, आपलं पापच मोठं. पोरानं ठिपके बघितले असतील, ओळखले असतील, आणि झाकण बंद करून टाकलं असेल. तो झुरत चालला. जेवताना समोरच्या मोकळ्या ताटाकडं बघायचा नाही. एकदा हौसाला बोलला, "माझ्या मेल्यावर तरी येईल का गं?" हौसा बोलली, "कळवणार कोण त्याला?"

चैत्रात हौसाला पुन्हा ताप आला, म्हणून दौलत एक दिवस कामावर गेला नाही. दुसऱ्या दिवशी तो मशीनजवळ बसतोय तोवर मेघाली हसत हसत आली.

"काका, तुम्ही लय छुपे हाव हां. झाकणात आतून तुमचाच फोन नंबर घालता ना?"

दौलतनं आजूबाजूला बघितलं. "हळू बोल. कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? दहा आकडे, नऊनं सुरू. रोज बघतंय मी. काल तुम्ही आला न्हाय, शेठ विचारायला लागला, नंबर कोणाकडंच न्हवता. मी म्हटलं बघू तर खरं, आणि झाकणावरचा लावला. तर कोण बाई भडकली माझ्यावर! 'पुन्हा घड्याळवाले का? मी पोलिसात जाईन,' असं बोलली आणि ठेवला."

"बाई? माझ्या फोनवर बाई कुठली? काल दिवसभर फोन माझ्या खिशात होता. वाजलाच न्हाय."

"मग चुकला असंल माझा." तिनं ताटलीतलं एक झाकण उचललं आणि डोळ्यांजवळ धरून आकडे वाचायला लागली. शेवटच्या तीन आकड्यांवर आल्यावर बोलली, "आठ, दोन, तीन."

"आठ न्हाय. चार, दोन, तीन."

"चार?" मेघालीनं झाकण त्याच्यापुढं धरलं. "काका, हा आठ हाय."

दौलतनं भिंग डोळ्याला लावलं. त्याचाच हात, त्याचंच वळण. वर किंचित उघडा, खाली गोल गाठ. चौथीतल्या गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतलेला मराठी ४. स्टीलवर बारीक कोरला की वरची फट बुजते आणि तो कुणालाही इंग्रजी 8 दिसतो.

यादीतले आकडे तो बघून काढायचा, म्हणून ते इंग्रजी यायचे. हा नंबर पाठ होता. पाठ असलेलं हातानं आपल्या सवयीनं लिहिलं. नंबरही कसला मिळाला होता बघा! नऊ, शून्य, दोन, तीन, यांचीच उलटापालट. हे दोन्हीकडं जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळं कुठं काही खटकलंच नाही. वेगळा असा एकच आकडा होता, चार, आणि तो शेवटून तिसरा. पाच हजार झाकणं, आणि प्रत्येकावर पोराला भलत्याच घरी पाठवलेलं!

"काका? काका, बसा. पाणी देऊ का?"

दौलतनं कपाळावर हात मारून घेतला, आणि मग मारतच राहिला. मेघालीनं त्याचे हात धरले तेव्हा तो मोठ्यानं रडत होता. "माझ्या जीवनला मी दुसऱ्याचा नंबर दिला गं! माझ्याच हातानं दिला!"

रडण्याच्या आवाजानं विपुल आला. काय झालं ते त्याला कळायला दोन मिनिटं लागली, आणि कळल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "स्वतःचा फोन नंबर? माझ्या मालात? अरे, उद्या एखादं गिऱ्हाईक पोलिसात गेलं तर नंबरावरून तू, आणि तुझ्यावरून मी! मला फासावर चढवायला आलेलास काय रे म्हाताऱ्या?"

"शेठ, एवढा महिना ठेवा. चार सुधारून घालतो. पाया पडतो तुमच्या." आणि खरंच वाकला. ज्यानं उभा जन्म गिऱ्हाइकाला "घाला" म्हणायला लावलं, तो दौलत पोराएवढ्या विपुलच्या बुटांना हात लावत होता.

विपुलनं पाय मागं घेतले. "निघा. आत्ताच्या आत्ता. परत राहनाळमध्ये दिसू नका."

मेघालीनं त्याचं मशीन वायर गुंडाळून पिशवीत भरून दिलं. गेटापर्यंत सोडायला आली आणि हळूच बोलली, "काका, ती बाई. तिला फोन करा. कोणी केलेला असंल तर तिलाच केलेला असंल ना?"

दौलत रस्त्यातच फोन लावणार होता. पण बोटं थांबली. जे काही ऐकायला मिळेल ते हौसासमोरच ऐकायला हवं होतं. तिचं न ऐकता ताटावरचं नाव खोडलं होतं, त्याचं काय झालं ते तीन वर्षं भोगत होता.

घरी पोचला तेव्हा दुपार झाली होती. हौसा अंथरुणावर उठून बसली. त्यानं सगळं सांगितलं, चार, आठ, विपुल, सगळं. वाटलं ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती बोलली, "लावा फोन. आवाज मोठा करा."

त्यानं नंबर दाबला, चारच्या जागी आठ. तिकडं रिंग वाजली.

"हॅलो, निशा टेलर्स."

"बाई, मी भिवंडीकडून बोलतंय. ठेवू नका. ते घड्याळाच्या झाकणातला नंबर..."

"अहो काय लावलंय काय तुम्ही लोकांनी!" बाई कडाडलीच. "जालन्यात ब्लाउज शिवते मी. गिऱ्हाईक कमी आणि घड्याळवालेच जास्त. पट्टे आहेत का, मशीन मिळेल का, माल कुठं मिळेल! कन्नडमध्ये काय, तेलुगूत काय! सोमवारी हा नंबर कायमचा बंद करतेय मी, झालं समाधान?"

"बाई, तो नंबर मीच घातला. चुकून घातला. माझा पोरगा घड्याळं दुरुस्त करतो, तीन वर्षं झाली घर सोडून. त्याच्यासाठी घातला व्हता." दौलतनं फोन तोंडाजवळ ओढला. "मराठीत कुणाचा आला का हो? एक तरी?"

तिकडं शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

"आला होता," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "संक्रांतीच्या सुमाराला. पहिल्यांदा काही बोललाच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मी ठेवला. परत आला. म्हणाला, 'आई हाय का?' मी म्हटलं, कोणाची आई? तर विचारतो, 'दौलत नाव घालणाऱ्यांचा नंबर ना हा?'"

हौसानं दौलतचा दंड धरला. सगळं जग "नाव टाकणारे" म्हणायचं. घालणारे म्हणणारं एकच घर होतं.

"मला वाटलं बारशाचं काहीतरी विचारतोय," निशा सांगत होती. "आधीच वैतागलेली मी. म्हटलं, इथं कोणी दौलत नाही, परत फोन करायचा नाही. तर म्हणाला, 'म्हंजे खोडलं ते खोडलंच.' आणि ठेवून दिला. काय खोडलं ते मला काही कळलं नाही. पण रडत होता हो बहुतेक."

फोन हौसाच्या हातात आला.

"ताई, त्याचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"नाही हो. घड्याळवाल्यांचे इतके नंबर साठले होते, सगळे पुसून टाकले." ती अडखळली. "मला काय माहीत होतं, ताई?"

"तुमचा काय दोष?" हौसा बोलली. बोलताना तिला दम लागत होता. "पण ताई, एक ऐका. तुमचा नंबर पाच हजार घड्याळांत हाय. आमचा एकातही न्हाय. त्याच्या हातात पुन्हा एखादं घड्याळ येईल, पुन्हा ते ठिपके दिसतील, पुन्हा राहवणार न्हाय त्याला. मी त्याला वळखते. तो तुम्हालाच फोन करील. तुम्ही नंबर बंद केलात तर आमचं पोर गेलं. तुमच्या पायावर डोकं ठेवते, सोमवारी बंद करू नका."

दौलत भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"नाही करत बंद," निशा म्हणाली. "येऊ देत किती यायचे ते फोन. पण तो आला तर काय सांगू त्याला? लगेच ठेवतो हो तो."

हौसानं नवऱ्याकडं बघितलं. दौलतनं तोंड उघडलं. लोकांच्या भांड्यांवर हजारो वेळा "सप्रेम" कोरलेला माणूस, त्याला एक शब्द सापडेना. "सांगा, बापानं..." एवढं बोलून थांबला आणि नुसता हात जोडून फोनकडं बघत बसला.

हौसा उठली. मांडणीचा आधार घेत तिनं ते ताट काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घाला," ती बोलली.

"तो येईस्तोवर न्हाय, तूच बोललीस ना?"

"बोलले व्हते. आता घाला."

दौलतनं पिशवीतून मशीन काढलं. पिन हौसानंच भिंतीत खोचली. बटण दाबल्यावर मशीन गुणगुणायला लागलं. घासलेल्या खरखरीत जागेवर त्यानं टोक टेकवलं आणि "चि." सुरू केलं.

फोन जमिनीवर तसाच चालू होता. "हॅलो? ताई?" निशा विचारत होती. "हा कसला आवाज येतोय?"

हौसा फोनवर वाकली. "त्याचं नाव घालतायत ताटावर," ती बोलली. "त्याला एवढंच सांगा. पण टाकतायत असं सांगू नका हां. घालतायत, असंच सांगा."